सोंगाला हाक मारू नये

“तू परत घेणार की नाही, आजा?”

मंजुळानं तिसऱ्यांदा विचारलं.

बुधाआजानं मान वर केली नाही. दोन्ही पायांच्या पंजांत लाकडाचा ओंडका धरून तो त्यावर तासायचा वाकस चालवत होता. ढलपी उडाली की मंजुळाचे डोळे मिटत. त्याचे मिटत नव्हते.

जव्हारच्या पलीकडं, दरीच्या काठाला शिसवपाडा आहे. दर चैत्रात तिथं बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर पाड्यातून नाचत जातात. एकेक सोंग एकेका घराचं. बाप थकला की मुलगा ते डोक्यावर चढवतो. ती सगळी लाकडी तोंडं बुधाआजानं कोरलेली, नाहीतर त्याच्या बापानं.

मंजुळाच्या पायाशी घोंगडीत बांधलेलं गाठोडं होतं.

त्यात गावितांच्या घरचा वेताळ होता. तिच्या घरचा.

घरापासून इथवर तिनं ते अंगाला लागू नये असं लांब धरून आणलं होतं.  

“उद्या उजाडताना निघायचाय तो,” आजा म्हणाला. “आणि तू आज परत आणतेस?”

“नितेशला जमणार नाही. आठ किलो वजन आहे. माझा भाऊ आहे, मला माहीत आहे ना. त्याला दम लागतो. मान अजून कोवळी. मी शाळेत विज्ञान शिकवते आजा, मला कळतं. मानेच्या मणक्यांवर…”

“नितेश काय म्हणतो?”

“त्याला काय कळतंय! महिनाभर अंगणात नाचतोय. डोक्यावर भाताची पाटी घेऊन.”

“म्हणजे मान पक्की हाय.”



पडवीत बुधाआजाची बायको, लाडकीआजी, मोहाची फुलं निवडत बसली होती. तिला हसू आलं. तिनं ते पदरात लपवलं नाही.

“परत दिलेलं तोंड मी ठेवत नाय,” आजा म्हणाला.

“मग?”

“वहाळाच्या पाण्यात सोडायचं. आणि त्या घरचं सोंग पुन्हा पाड्यात निघत नाय. उद्या तुझ्या नातवानं येऊन पाय धरले तरी दुसरं कोरायचं नसतं. मी नाय, कोणीच नाय.”

“चालेल.”

“बघ.”

“चालेल म्हटलं ना.”

“धाकलनं बावीस वर्षं नाचवला.”

“आणि तेविसाव्या वर्षी बाबा गेले.”

वाकस थांबला.

धाकल गावित. तीन वर्षांपूर्वी, वेताळाचं सोंग डोक्यावर असताना, नुकतंच उजाडल्यावर, स्वतःच्या दारापासून वीस पावलांवर कोसळला होता. त्यानंतरची दोन वर्षं वेताळ निघाला नाही. नितेश अठरा वर्षांचा व्हायची सगळे वाट बघत होते.

“डॉक्टर काय म्हणाला होता?” आजानं विचारलं.

“हृदय. आधीपासूनच कमजोर होतं. झटका कधीही आला असता. घरात बसल्या बसल्यासुद्धा.”

“मग वेताळाचा काय दोष?”

“मी कुठं म्हणते दोष आहे? लाकूड आहे ते.”

“मग घोंगडीत का बांधलंस?”

“बघवत नाही.”

“लाकूड?”

मंजुळानं भिंतीकडं तोंड फिरवलं. भिंतीवर अर्धीमुर्धी तोंडं टांगलेली होती. एकाला दात होते, ओठ नव्हते. एकाचं नुसतं कपाळ. तिनं घाईघाईनं नजर खाली, स्वतःच्या चपलांवर आणली.

“आजा,” ती हळू म्हणाली. “वेताळ असतो का रे?”

“आता, दुपारी? नाय.”

लाडकीआजी मोठ्यानं हसली.

“थट्टा करू नको. खरं सांग.”

“दुपारी विचारलंस, दुपारचं सांगितलं.”

तेवढ्यात वरच्या आडव्या वाशावरून काहीतरी धप्पकन मंजुळाच्या खांद्याशी पडलं. ती किंचाळून दारापर्यंत मागं गेली.

कोंबडी होती. पंख झाडून ती फुलांच्या सुपाकडं चालती झाली.

“शू! हाड्!” लाडकीआजीनं कोंबडीला हाकललं आणि मंजुळाकडं बघितलं. “तालुक्याच्या शाळेत मास्तरीण ना गं तू? आणि कोंबडीला भितेस?”

“दचकले मी. भ्याले नाही.”

“तेच ते.”

“तेच नसतं, आजी.”

“नसंल बाई. तू शिकलेली.”

बुधाआजा हसला नाही. तो उठला, गाठोड्याजवळ आला, उकिडवा बसला आणि घोंगडीची गाठ सोडू लागला.

“आजा, नको…”

घोंगडी बाजूला झाली.

काळंभोर तोंड. पांढरे, फावड्यासारखे दात. लाल जीभ हनुवटीच्या खालपर्यंत आलेली. डोळे अंड्याएवढे, पुढं आलेले, नुसते रंगवलेले. त्यांना आरपार भोक नव्हतं.

आजानं ते तोंड बघितलंच नाही. उलटं केलं आणि आतला पोकळ भाग बघत बसला. मग आत हात घालून सावकाश फिरवला. बाजारातून आलेल्या नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

“त्या सकाळी तू कुठं उभी होतीस?” त्यानं विचारलं.

“कुठल्या?”

“तुला माहीत हाय कुठल्या.”

“दारात.”

“काय केलंस?”

“काय करणार? बघत होते. सगळेच बघत होते.”

“मंजुळे.”

“बघतच होते, आजा!”

आवाज चिरकला. लाडकीआजीनं सूप खाली ठेवलं.

  घाटातून एक जीप गेली, तिचा आवाज आला आणि गेला.

“नाशकाहून आले होते,” मंजुळा म्हणाली. “रात्रभर प्रवास करून. निकाल लागला होता, पहिला वर्ग. बाबांना सांगायचं होतं. दारात पिशवी ठेवली आणि समोरून वेताळ आला. वाट दाखवायला मागून तू त्यांच्या कमरेचं फडकं धरलं होतंस.”

“हां.”

“मी पाय ओळखले. बाबांचे. पण ते तालात नव्हते, आजा. संबळ एक सांगत होता आणि पाय दुसरंच करत होते. कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, आज वेताळ रंगात आलाय. शिट्ट्या मारत होते. मला कळलं. मला लगेच कळलं.”

“मग?”

“सोंगाला हाक मारू नये, हे मला माहीत होतं. चार वर्षांची असताना आईनं तोंडावर हात दाबून शिकवलंय. सोंग चढलं की तो आपला माणूस नसतो. नावानं हाक मारायची नाही, नात्यानं मारायची नाही. मारली की आतला माणूस जागा होतो आणि सोंग त्याला फेकून देतं.”

तिनं आजाच्या हातातल्या पोकळ लाकडाकडं बघितलं.



“मी हाक मारली.”

…

“‘बाबा’ म्हणून. सगळा जीव एकवटून.”

…

“वेताळ थांबला. वळला. माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. ते डोळे… मी हलू शकले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आणि मग खाली बसला. सावकाश. दमल्यासारखा. मग तू ओरडलास.”

“कोणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. संबळ वाजत होता, शेजारच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. आईला सांगितलं नाही. तिनं एकदा विचारलं, तुला बघून गेले ना गं ते? मी हो म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं.”

मंजुळा आता जमिनीवर बसली होती. कधी बसली ते तिला कळलं नव्हतं.

“उद्या दारात आरती मी धरायची आहे. आई म्हणते, बहिणीनं ओवाळायचं. तोच चेहरा समोर येणार. खाली नितेशचे पाय. जरा अडखळला ना, आजा, जरा जरी… माझ्या तोंडून निघणार. मी तोंडात पदर कोंबला तरी निघणार. मला माहीत आहे. रोज झोपेत निघते हाक. आई उठून पाणी देते आणि विचारते, कुणाला बोलावतेस?”

तिला वाटलं, आता आजा म्हणेल, तुझा काय दोष, पोरी. डॉक्टरनं सांगितलंच होतं.

आजा म्हणाला, “लाडके, जुनं लुगडं आण.”

लाडकीआजी आत गेली आणि विटलेलं हिरवं लुगडं घेऊन आली. आजानं त्याचा लांब पट्टा केला. मंजुळाच्या मागं जाऊन उभा राहिला.

“काय करतोस?”

“सोंग घ्यायच्या आधी डोक्याला लुगडं गुंडाळायचं असतं. आईचं, नाहीतर बायकोचं. लाकूड टोचू नये म्हणून. सात वेढे.”

“मला कशाला? आजा… बाईनं घालायचं नसतं ना ते?”

“उद्या पूजा झाल्यावर नसतं. आज लाकूड हाय.” त्यानं पहिला वेढा घट्ट ओढला. “तूच म्हणालीस.”

कपाळावरून, कानांवरून, मानेवरून. वेढे चढत गेले. चौथ्या वेढ्याला कोंबड्यांचा आवाज गेला. सहाव्याला तिला स्वतःचं ‘नको’ ऐकू आलं नाही.

मग वरून अंधार उतरला.

तेलाचा वास. धुराचा. जुन्या घामाचा.

तो घाम कुणाचा, हे कळायला तिला श्वासभरही वेळ लागला नाही.

डोळ्यांसमोर लाकूड होतं. खाली, नाकपुड्यांच्या जागी, दोन भोकं. त्यांतून तिला फक्त स्वतःचे अंगठे दिसत होते. अंगठ्यांच्या पुढं वीतभर शेणानं सारवलेली जमीन. मान वर केली तरी तेवढंच. वळली तरी तेवढंच.

मग श्वास ऐकू आला.

मोठा. अगदी जवळ. कानाच्या आत.

तिनं आपला रोखला. तोही थांबला. तिनं सोडला. तोही सुरू झाला… किंचित उशिरा, असं तिला वाटलं.

तिनं हात पुढं केले. कुणी लागलं नाही. बाजूला केले. कुणी नाही. आजा निघून गेला की काय? आजी? सगळे निघून गेले आणि आपण इथं, यात… ती मनात आकडे मोजू लागली. अकरावर आली आणि बारा आठवेना.

उजेड झाला.

आजानं मुखवटा दोन्ही हातांनी वर उचलला होता. लाडकीआजी लुगड्याचे वेढे सोडत होती.

“काय ऐकलंस?” कान मोकळे झाल्यावर आजानं विचारलं.

“श्वास.”

“कोणाचा?”

“…माझाच.”

“आणखी?”

“काही नाही.”

“काहीच नाय?”

“नाही. का?”

“का म्हणे!” लाडकीआजी कपाळावर हात मारत म्हणाली. “म्हातारा बोंबलतोय, मंजुळे, मंजुळे, मंजुळे! पलीकडच्या टेकाडावरचा गोविंदा गुरं सोडून बघायला लागला, इथं काय खून पडला म्हणून. आणि ही बया खांबासारखी उभी!”

मंजुळानं आजाकडं बघितलं.

“तीन हाका,” आजा म्हणाला. “तुझ्या मागून, एवढ्यावरून.” त्यानं हात लांब करून दाखवला. बोटांचं टोक तिच्या नाकाला लागलं.

“संबळ नसताना,” ती म्हणाली.

“नसताना.”

“म्हणजे बाबांना…”

“धाकलला काय बी ऐकू आलं नाय, पोरी.”

मंजुळा हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम करू लागली. हातातल्या लुगड्यात तिनं तोंड खुपसलं.

“अगं, माझं लुगडं हाय ते!” आजी म्हणाली. “डोळे पूस, नाक नको.”

“तीन वर्षं, आजी. तीन वर्षं मी…”

“पूस, पूस. नाक बी पूस. धुवीन मी.”

थोड्या वेळानं मंजुळा उभी राहिली. केस बांधले. चेहऱ्यावर रंग आला होता. आवाजात शाळा आली.

“सरळ आहे हो. कापड आवाज गिळतं. त्यावर इतकं जाड लाकूड. आणि आतल्या पोकळीत आपलाच श्वास घुमतो, त्याच्यापुढं बाहेरचं काय ऐकू येणार? संबळाचा ठोका जमिनीतून पायांना कळतो, हाक नाही कळत. ध्वनीचा साधा धडा आहे, आजा. सातवीच्या पोरांना शिकवते मी. आणि मलाच सुचू नये?”

“सातवीला असतं व्हय,” आजा म्हणाला. “मी दुसरीतून बाहेर आलो.”

“हाकेचा काही संबंधच नव्हता. झटका येणार होता, आला. उद्या माझ्या तोंडून निघाली तरी नितेशला ऐकू जाणार नाही. मग भ्यायचं कशाला?”

“कशाला?”

तिनं मुखवटा स्वतःच्या हातांनी घोंगडीत गुंडाळला. गाठ मारली आणि गाठोडं उचलून छातीशी धरलं.

“घेऊन जाते. आई वाट बघत असेल.”

आजानं मान डोलावली. ओंडका पायांत धरला. वाकस उचलला.

“भाकर खाऊन जा,” आजी म्हणाली.

“उद्या, आजी. उद्या सगळं झाल्यावर.”

मंजुळा अंगण ओलांडून गेली. चाल भरभर होती. कारवीच्या कुडापाशी तिनं फाटक ढकललं.

आणि थांबली.

“काय विसरलं गं?” आजीनं पडवीतून विचारलं.

ती मागं वळली. अंगणाच्या मध्यापर्यंत आली. पुढं आली नाही.

“आजा…”

खट्. खट्.

“आजा, पण तो वळला.”

खट्.

“बाबांना ऐकू आलं नाही. मग ते वळले कशाला?”

खट्.

“मी दिसले असेन त्यांना. भोकांतून.”

“तुला काय दिसलं भोकांतून?”

“अंगठे.”

खट्. खट्.

“मग तूच वळवलं असशील. कमरेचं फडकं तुझ्याच हातात होतं.”

“होतं. दोन्ही हातांनी, सोंग जायचं त्या देवळाकडं, ओढून धरलं होतं.” त्यानं ढलपी बोटानं बाजूला सारली. “माझा जोर पुरला नाय.”

ऊन डोक्यावर होतं. अंगणात कशाचीच सावली नव्हती. लाडकीआजी सूप घेऊन उठली आणि घरात गेली.

“झटका आला की माणूस कसाही फिरतो,” मंजुळा म्हणाली.

“फिरतो.”

“नेमका माझ्याच दिशेनं फिरला. योगायोग.”

“असंल.”

“इतका वेळ उभा राहिला… तोही योगायोग.”

“असंल की.”

गाठोडं छातीशी होतं. घोंगडीच्या आत तोंड कुठल्या बाजूला आहे, हे तिला हातांना कळत होतं. दात कळत होते. पुढं आलेले डोळे कळत होते. तोंड तिच्याकडं होतं.

तिनं ते खाली ठेवलं नाही. ठेवण्यासाठी त्या तोंडावर वाकावं लागलं असतं.

“मग कोण वळलं, आजा?”

बुधाआजानं ओंडक्यावरची भुकटी फुंकली. हातानं पुसली. पुन्हा फुंकली.

“उद्या दारात उभी राहा, पोरी,” तो म्हणाला. “तुझा आवाज आता त्याच्या ओळखीचा हाय.”